चौथ्या बेटाला वळसा

१

सहलीचं खूळ माझ्या नवऱ्याच्या डोक्यातलं. तो जमिनी मोजतो. आठवडाभर लोकांच्या कुंपणांची भांडणं सोडवायची आणि रविवारी तलावावर जाऊन शिडाची होडी फिरवायची, असं त्याचं बरेच दिवस चाललं होतं. होडी चालवायचा परवाना हातात पडला आणि त्याला तलाव पुरेनासा झाला. मग त्याने कुठल्याशा उबदार समुद्रातली बेटांची एक माळ शोधून काढली. लहान लहान बेटं, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. सकाळी एका बेटावरून शीड उभारायचं, दुपारी दुसऱ्यापाशी नांगर टाकायचा. होडी भाड्याने मिळते, खलाशी लागत नाही, चार माणसं ऐसपैस झोपतात.

चार म्हणजे आम्ही दोघं, माझी ताई आणि भाऊजी.

त्या रविवारी जेवणं उरकल्यावर त्याने टेबल पुसून त्यावर सागरी नकाशा पसरला आणि कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. भाऊजी खुर्चीत रेलून बसले होते. त्यांचं गाद्यांचं दुकान आहे.

"साडूभाऊ, वारा, दिशा, काय ते तुम्ही बघा," ते म्हणाले. "होडीतली गादी किती जाडीची, एवढं मला विचारा. आडवं होणं हा आमचा पिढीजात धंदा आहे."

ताई खळखळून हसली. तिचं हे हसणं मला अजून नवीन होतं. वर्षभरापूर्वीपर्यंत भाऊजींच्या घरात कोणी असं हसत नसे. तेव्हा त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा. आमटीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवून उठायचे, दारं आपटायचे, चार चार दिवस अबोला धरायचे. ताई एकदा बॅग भरून माझ्याकडे आली होती. आणि मग गेल्या वर्षी कधीतरी माणूस बदलला. रक्तदाबाच्या गोळ्यांचा गुण असेल, म्हणाले सगळे. आता ते विनोद करत, भांडी विसळत, ताईच्या खांद्यावर शाल ठेवत. ही सहल म्हणजे, कोणी तोंडाने म्हणालं नाही तरी, त्या बदलाचा सोहळाच होता.

नवऱ्याने होडीवाल्या कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडे एक बाई होती, आवाजाने पन्नाशीची. तिने नाव विचारलं, तारखा विचारल्या.

"हो, मोकळी आहे," ती म्हणाली. "मागच्या वेळचीच देऊ ना? निळ्या पट्ट्याची?"

"मागच्या वेळची?" नवरा म्हणाला. "आम्ही पहिल्यांदाच येतोय."

 पलीकडे नुसता वारा भणभणत होता.

"चौघं ना तुम्ही? दोन बहिणी आणि त्यांचे यजमान?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. समोरचा चेष्टा करतोय की त्याला बरं नाहीये हे कळेनासं झालं की आपण म्हणतो तसं. "निळ्या पट्ट्याचीच ठेवते मग."

नवऱ्याने फोन ठेवला. भाऊजी म्हणाले, "बघा, आपली कीर्ती आपल्या आधी पोचली." आम्ही हसलो. आम्ही दोन बहिणी आहोत हे तिला कोणी सांगितलं, असं मी विचारणार होते. पण तेवढ्यात ताईने सुपारीचा डबा पुढे केला आणि राहून गेलं.

२

"तू कंपनीला पाठवलेल्या पत्रात लिहिलं असशील," रात्रीची भांडी आवरताना मी नवऱ्याला म्हणाले. "दोन बहिणी वगैरे."

"लिहिलं असेन," तो म्हणाला. त्याला आठवत नव्हतं. "दिवसाला किती लोकांशी बोलत असेल ती. कुणाची टोपी कुणाला."

ते पटलं. तरी मी कपाटातून दोघांचे पासपोर्ट काढून बघितले. त्या देशाचा शिक्का कुठेच नव्हता. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटावं असं काय होतं, असंही वाटलं. आपण कुठे गेलो नाही हे माहीत असायला पासपोर्ट कशाला लागतो?

दोन दिवसांनी ताई आली होती. कंपनीने होडीचे फोटो पाठवले होते, ते मी तिला दाखवत होते. खाली उतरायचा लाकडी जिना, दोन्ही बाजूंना झोपायच्या खोल्या, मधे एवढंसं टेबल, छोटी शेगडी. जिन्याखाली एक कपाट होतं, त्याचं दार बंद होतं.

"ते दार आधी थोडं वर उचलायचं, मग ओढायचं," ताई म्हणाली. "नाहीतर उघडत नाही. माझं नख तुटलं होतं त्यात."

बोलून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

"कुठल्या कपाटाचं बोलतेयस तू, ताई?"

"अगं, हे... आपल्या जुन्या घरातलं नव्हतं का एक? जिन्याखालचं?"

आमच्या जुन्या घराला जिना नव्हता. तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या त्या, आणि हे तिलाही माहीत होतं. तिने आपला उजवा अंगठा डाव्या हाताच्या मुठीत धरला आणि म्हणाली, "पुढचा फोटो दाखव, छोटे."

३

मी कान तपासते. मधल्या चौकात, औषधांच्या दुकानाच्या वर माझं क्लिनिक आहे. बाहेर बसायची खोली, आत माझं टेबल, आणि त्याच्याही आत आवाजबंद खोली. खोली म्हणजे जाड भिंतींचं कपाटच. भिंतींना आतून करडा स्पंज, काचेची एक खिडकी, दार लावलं की बाहेरची मोटारगाडीसुद्धा ऐकू येत नाही. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन. मी बाहेरून बारीक बारीक स्वर पाठवते, ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. माझ्या टेबलावर दिवा लागतो. दिवसभर मी त्या दिव्याची वाट बघत असते.

त्या आठवड्यात एक निवृत्त गायनमास्तर आले होते. शांत, शिस्तीचे गृहस्थ. मी पहिला स्वर पाठवायच्या आतच दिवा लागला. मी थांबले. पुन्हा लागला. थोड्या वेळाने पुन्हा, अगदी तालात.

मी दार उघडलं. "मास्तर, अजून मी काही सुरू केलेलं नाही."

"नाही कसं? टक टक चालू आहे की," ते म्हणाले. "पोकळ लोखंडी खांबावर कोणी दोरी आपटावी तशी. एक मोठी, मग दोन बारीक. लय चांगली आहे, पण जरा ढिली."

मी यंत्र तपासलं. वायरी काढून पुन्हा लावल्या. मास्तरांना दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि ते गेल्यावर स्वतः आत जाऊन बसले, दार ओढून घेतलं. हेडफोन लावले नाहीत.

अशा खोलीत बसलं की आधी आपल्याच अंगातले आवाज ऐकू येतात. रक्त, जबडा, पापण्या. मग काही नाही. मी थांबले. आणि मग, भिंतीतून नाही, कानातूनही नाही, जणू खोलीच्या मधोमध, टक. टकटक. त्याच्याखाली पाणी. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा नाहीत, तर एखाद्या पोकळ वस्तूच्या अंगाला आतून कान लावला की ऐकू येईल तसं, चुबुक चुबुक.

कानात आवाज येणाऱ्या शेकडो लोकांना मी आजवर समजावलं आहे. घाबरू नका, मेंदू रिकामी जागा भरून काढतो. मी तेच स्वतःला सांगितलं. गेले काही दिवस होड्यांशिवाय दुसरा विषय नाही, म्हणून होडी ऐकू येतेय.

पण मास्तरांना कोणी होडीचं सांगितलं नव्हतं.

४

पुढच्या रविवारी मार्ग ठरवायचा होता. नकाशा, वाट्या, पेन्सिल. बेटं नकाशावर ओळीने होती, सात की आठ, सांडलेल्या दाण्यांसारखी. नवरा कंपासचं टोक टेकवून अंतरं मोजत होता आणि बारीक रेघ ओढत पुढे जात होता. पहिलं बेट, दुसरं, तिसरं. मग रेघ बाहेरच्या मोकळ्या समुद्रात गेली, मोठा वळसा घेऊन पाचव्या बेटाशी परत आली.

"चौथं राहिलं," भाऊजी म्हणाले.

"अं? हो." नवऱ्याने खोडरबराने वळसा पुसला आणि तिसऱ्या बेटापासून पुन्हा सुरुवात केली. पेन्सिल पुन्हा बाहेर गेली. मी त्याचा हात बघत होते. त्याचे हात कधी चुकत नाहीत, त्यांच्या भरवशावर लोक भिंती बांधतात. तो स्वतःही हाताकडेच बघत होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

"वाऱ्यामुळे," तो म्हणाला. "तिथे वारा... उलटा असणार."

"अहो, पण फोटो बघा की," भाऊजी म्हणाले. "सगळ्यात देखणं तेच आहे. आत कशी छान वाटोळी खाडी आहे, चहूकडे खारफुटी. तिथे एक रात्र राहू. मला तेवढंच बघायचंय. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

"तिथे नको," ताई म्हणाली.

ती इतकी जोरात बोलली की आम्ही तिघांनीही मान वर केली. ती उठून उभी राहिली होती, खुर्चीच्या पाठीला धरून.

"का गं?" भाऊजींनी प्रेमाने विचारलं. "काय आहे तिथे?"

"मला काय माहीत काय आहे? डास असतील. खारफुटीत डास असतात."

"मग मलम लावू," भाऊजी म्हणाले आणि तिचा हात थोपटला. पूर्वीचे भाऊजी असते तर या जागी टेबलावर मूठ आपटली असती. हे नुसते हसले. पण त्यांची नजर नकाशावरून हलत नव्हती. एखादा माणूस आपल्या जुन्या घराचा पत्ता वाचतो, आणि तिथे आता कोण राहतं हे त्याला बघायचं असतं, तशी ती नजर होती.

मी नकाशावर वाकले. त्या बेटाकडे बघताना माझा घसा दुखायला लागला, खूप ओरडल्यावर दुखतो तसा. मी पाणी प्यायले. तरी दुखत राहिला.

५

"गेल्या वर्षी मी आजारी होते तो आठवडा आठवतो का तुम्हाला?" मी क्लिनिकमधल्या रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं. त्या माझ्याकडे पहिल्यापासून आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा माझं जास्त आठवतं.

"आजारी?" त्या म्हणाल्या. "आजारी कुठे? तुम्ही फिरायला गेला होतात ना. सगळ्या अपॉइंटमेंट मीच तर पुढे ढकलल्या. परत आलात तेव्हा रापून काळ्या झाला होतात आणि आवाज पार बसला होता. मी म्हटलंसुद्धा, कुठे शिरा ताणून ओरडत होतात? तर तुम्ही काही बोललाच नाहीत."

मला ताप आठवत होता. पांघरूण, अंधारी खोली, जीभ कोरडी पडलेली. घसा बसलेला आठवत होता. पण पलंग हलत होता हेही आठवत होतं. तापात पलंग हलतोच की.

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, "मला तो ताप आला होता, तेव्हा तू काय करत होतास?"

"घरीच होतो. तुझ्यापाशी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "की कामावर होतो? कुठलीतरी मोजणी होती बघ, लांबची. भर उन्हातली."

"कुठली?"

तो विचार करत राहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली आणि ती जाईना. "अंतर मोजत होतो एवढं आठवतं," तो शेवटी म्हणाला. "सारखं तेच अंतर. इथून तिथपर्यंत माणूस पोहत जाऊ शकेल का, असं काहीतरी."

"भाऊजींना पोहता येत नाही," मी म्हणाले.

मी असं का म्हणाले, मला ठाऊक नाही. त्याने भाऊजींचं नावही काढलं नव्हतं. तरी तो लगेच म्हणाला, "तेच ना."

 एकमेकांना पुढचं विचारायला कोणीच तयार नव्हतं. त्याने स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला, आत बघितलं आणि काहीही न घेता बंद केला.

६

ताई भाऊजींना घेऊन क्लिनिकमध्ये आली ती भर दुपारी.

"यांचे कान बघ," ती म्हणाली. "हाक मारली की ओ देत नाहीत. शेजारच्या खोलीतून मारली तरी."

"ऐकू येतं हो मला," भाऊजी म्हणाले. "ही हाक मारते, मी थांबतो. मला वाटतं, आणखी एकदा मारेल. बरं वाटतं कोणी हाका मारल्या की."

ताई हसली नाही. भाऊजी आवाजबंद खोलीत जाऊन बसले तेव्हा ती माझ्या टेबलापाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "छोटे, काही निघालं तर आधी मला सांग. त्यांना नाही. मला या माणसाबरोबर सुख आहे गं. आयुष्यात पहिल्यांदा." मग ती बाहेर जाऊन बसली.

साध्या तपासणीत काहीच निघालं नाही. प्रत्येक स्वराला दिवा लागत होता. लहान मुलाचे असावेत असे कान होते. त्यांच्या वयाच्या माणसाला, दिवसभर रस्त्यावरच्या दुकानात बसणाऱ्याला, इतकं स्वच्छ ऐकू येत नाही. मी आणखी एक तपासणी करायची ठरवली.

ही गोष्ट फारशा लोकांना माहीत नसते, पण निरोगी कान नुसता ऐकत नाही. तो स्वतःही अगदी बारीक आवाज करतो. कानात टिकटिक पाठवली की आतून तिला उत्तर येतं. भिंतीवर टकटक केल्यावर पलीकडून कोणी टकटक करावी तसं. तान्ह्या बाळांचे कान आम्ही असेच तपासतो. कानात टोकाला मऊ बोंड असलेली एक सळी बसवायची, तिच्यातच इवलासा मायक्रोफोन असतो, आणि समोरच्या पडद्यावर आलेख उमटतो.

मी भाऊजींच्या उजव्या कानात सळी बसवली. "हलू नका, गिळू नका," म्हणाले आणि दार लावून बाहेर आले. टिकटिक सुरू केली. आलेख छान आला. मग मी टिकटिक बंद केली.

आलेख थांबला नाही.

पडद्यावर रेघा वर-खाली होत राहिल्या. त्यांना लय होती. एक मोठी, दोन बारीक. काचेतून भाऊजी दिसत होते, मांडीवर हात ठेवून अगदी स्थिर बसलेले. सहसा मी आलेखच बघते, तो आवाज स्वतः कधी ऐकत नाही. त्या दिवशी मी हेडफोन यंत्राला जोडले, आवाज पार वर नेला आणि कानांना लावले.

आधी पाणी. मग खांबावर आपटणारी दोरी, बरीच लांब. पानांची सळसळ, आणि चिखलात बुडबुडे फुटल्यासारखं काहीतरी, ते मात्र जवळ. आणि मग एक बाई ओरडली.

"अहो! अहो, कुठे आहात?"

ताईचा आवाज. पाण्यावरून येतात तसा पातळ झालेला. मागोमाग एक पुरुष, माझा नवरा, नुसतीच "होऽऽ" अशी साद घालत होता. आणि मग तिसरा आवाज. माणसाला आपला आवाज बाहेरून ऐकला तर ओळखू येत नाही. पण पेशंटना ऐकवायचे शब्द मी माझ्याच आवाजात भरून ठेवलेले आहेत, तो मी रोज ऐकते.

"भाऊजी!" मी हाक मारत होते. "भाऊजी! ओ द्या! नुसती ओ द्या!"

किती तरी वेळ. माझा आवाज चिरकत गेला, मग घोगरा झाला, मग फुटला. आणि त्या सगळ्या वेळात, मायक्रोफोनच्या अगदी तोंडाशी, कोणीतरी श्वास घेत होतं. सावकाश, नाकाने, आवाज होणार नाही अशा बेताने. लपंडावात राज्य असलेला जवळून जाताना घेतात तसा श्वास. हाक जवळ आली की तो थांबे. लांब गेली की पुन्हा सुरू होई.

मी वर बघितलं. काचेपलीकडे भाऊजी माझ्याकडेच बघत होते. त्यांची छाती हलत नव्हती.

मग ते हसले, कानातली सळी स्वतःच काढली आणि दार उघडून बाहेर आले. "काय मेहुणीबाई? पास की नापास?"

"सगळं ठीक आहे," मी म्हणाले. माझा आवाज बसला होता.

७

नवऱ्याला मी काय ऐकलं ते सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर त्याने विचारलं असतं, म्हणजे नक्की काय, आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. चिखलात दडून बसले होते ते भाऊजी होते, की भाऊजी दुसरीकडेच कुठेतरी होते आणि दुसराच कोणी आमच्या हाका ऐकत होता? आम्ही कोणाला शोधत होतो, आणि शेवटी कोण सापडलं म्हणून होडीत घेतलं? की मुळात कोणी कुठे गेलंच नव्हतं, आणि एका दमलेल्या बाईने दुपारच्या वेळी यंत्राची खरखर ऐकली? पासपोर्ट कोरे होते. दुसऱ्या दिवशी मी ते पुन्हा बघितले. कोरेच होते.

मी एवढंच म्हणाले, "सहल रद्द करू या."

त्याने कारण विचारलं नाही. नकाशाची घडी घातली आणि माळ्यावर टाकली.

ताई आणि भाऊजी दुपारी चहाला आले, तेव्हा नवऱ्याने सांगितलं की होडी मिळत नाहीये, त्याऐवजी कुठेतरी थंड हवेच्या जागी जाऊ. भाऊजी म्हणाले, "चालेल की. गादी तिथेही असेल." कोणी वाद घातला नाही. बाहेरच्या खोलीत पत्त्यांचा डाव पडला आणि मी फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. रद्द केल्याचं कळवायचं राहिलं होतं.

तीच बाई होती. मी नाव सांगितलं, म्हणाले, आमचं येणं होत नाही.

"अरेरे," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "मग त्यांना काय सांगू मी?"

"कोणाला?"

"तुमच्या त्या गृहस्थांना. त्यांना मी सांगून बसले की तुमच्या घरचे येतायत न्यायला. तेव्हापासून रोज सकाळी धक्क्यावर येऊन बसतात हो. आधी फार चिडायचे, आदळआपट करायचे. आता गप्प असतात." ती थांबली. "इथेच आहेत. देऊ का फोन?"

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. तिने फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. मग वारा. मग फळ्यांवर पावलं वाजायला लागली, अनवाणी, घाईची. कोणीतरी जवळजवळ पळतच येत होतं. बाहेरच्या खोलीत भाऊजींनी हुकमाचं पान टाकलं आणि नवरा ओरडला, "अरे, हे कुठे लपवून ठेवलं होतं?"

मी फोन बंद केला.

वळले तर दारात ताई उभी होती. रिकामे कप घेऊन आली होती. तिने ते ओट्यावर ठेवले, एकेक, न वाजवता.

"झालं रद्द?"

"झालं."

"तुलाही विचारलं का तिने? देऊ का म्हणून?"

 मी मानेनेच हो म्हटलं.

"मी फोन केला होता परवा," ताई म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, नळाकडे बघत होती. "मी बोलले नाही. त्यांनी दोनदा माझं नाव घेतलं. पूर्वी घ्यायचे तसं, रागाने नाही गं, अगदी लग्नाच्या वेळी घ्यायचे तसं. मग मी ठेवला."

"ताई..."

"ठेवला मी, छोटे."

तेवढ्यात भाऊजी आत आले. त्यांनी आम्हा दोघींकडे बघितलं, माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"कोणाचा होता?"

"राँग नंबर," ताई म्हणाली.

"अच्छा, तो," भाऊजी म्हणाले. त्यांनी चहाचं भांडं उचललं आणि कप भरायला घेतले. "मलाही येतो, दुकानावर. दुपारी सामसूम असली की. कोणी बोलत नाही, नुसता वारा असतो." त्यांनी ताईच्या कपात साखर घातली, तिला लागते तेवढीच, आणि हलक्या हाताने ढवळली. "तुम्ही दोघी तो उचलत जाऊ नका. थोड्या दिवसांनी कंटाळेल बिचारा."

मग ट्रे उचलून, खांद्याने दार ढकलत, एक थेंबही न सांडता ते बाहेर गेले. ताईने पदराने हात पुसले आणि त्यांच्या मागोमाग गेली.